क्लाइव्हच्या ट्रकचं क्रोम

मॉडेलच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या चौकटीला एकूण सत्तेचाळीस चमकते भाग जोडलेले होते. समोरची जाळी एक, बंपर दोन, कांगारूंची धडक अडवणारा पुढचा गज एक, धुराडी दोन, डिझेलच्या टाक्यांचे अर्धे चार, आरसे दोन, हॉर्न तीन, दिव्यांच्या कड्या सहा, चाकांच्या टोप्या दहा. उरलेले सोळा इतके बारीक होते की त्यांना नावं देण्यापेक्षा मोजून मोकळं होणं बरं. नोलीनने आधी सेहेचाळीस मोजले होते. एक हॉर्न तुटून टेबलाखाली पडला होता.

तिला या सगळ्यावरची चमक काढून टाकायची होती. तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, पोर्ट ऑगस्टाहून पर्थपर्यंत आयुष्यभर ट्रक चालवला आणि त्या ट्रकवर चमकणारी एकही वस्तू नव्हती. बंपर सायीच्या रंगाचा, गज करडा, वर लाल धूळ. त्याच ट्रकची छोटी प्रतिकृती तो जुळवत होता. खोक्यातले क्रोमचे भाग तसेच चिकटवले तर नुसतं खेळणं दिसेल, असं तो म्हणायचा. केबिन झाली, ट्रेलर झाला, आणि सप्टेंबरमध्ये तो गेला. असं खोकं आता कुठे मिळत नाही.

आमच्या मॉडेल क्लबात काचेचं एक कपाट आहे. वरच्या दोन फळ्यांवर गेलेल्या सभासदांचं प्रत्येकी एक मॉडेल असतं, खालच्या फळीवर क्लबच्या स्पर्धेत ढाल जिंकलेली मॉडेलं. सभासद गेला की त्यानंतरच्या फेब्रुवारीच्या सभेत त्याचं पूर्ण झालेलं मॉडेल मांडायचं. सभेला पटलं तर त्याला फळीवर जागा. ती सभा चुकली की जागा गेली. क्लाइव्हचं दुसरं एकही मॉडेल उरलेलं नव्हतं, बाकीची त्याने वाटून टाकली होती. म्हणून नोलीनने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा हातात चिमटा घेतला.

मी गावच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि क्लबात सगळ्यांत नवी आहे. तिने मला बोलावलं. या भागांवरचं क्रोम खरं क्रोम नसतंच. तो ॲल्युमिनियमचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये तो विरघळतो. धुण्याच्या टबात आम्ही भाग बुडवले. चमक राखाडी झाली, मग दिसेनाशी झाली. खाली पिवळट लॅकर उरलं. कारखान्यात चमक बसावी म्हणून आधी त्याचा एक हात देतात.

नोलीनने जाळी उजेडात धरली. "हुबेहूब त्याच्या दातांचा रंग," ती म्हणाली.

हे लॅकरही काढायला हवं होतं, नाहीतर जाळीच्या बारीक रेघा बुजतात. त्यासाठी क्लबात थिनर वापरतात. माझ्या बाटलीत तळाला थोडंच उरलं होतं आणि मला कामासाठी अॅडलेडला जायचं होतं. येताना नवी बाटली आणते, सभेच्या आदल्या दिवशी बसू, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. पण रंग वाळायला वेळ लागतो एवढं तिला कळत होतं, आणि धीर धरणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने गार्थला फोन केला.

गार्थ क्लबचा अध्यक्ष. खालच्या फळीवरची सात मॉडेलं त्याची. तीन वर्षांपूर्वी आठवं आलं असतं, पण क्लाइव्हने सगळ्यांसमोर त्याच्या गाडीच्या जाळीत बॅटरी मारली आणि आत कोपऱ्यात राहिलेलं क्रोम चमकलं. त्या वर्षी ढाल क्लाइव्हला मिळाली, आणि ते मॉडेलही त्याने कपाटात न ठेवता कुणाला तरी देऊन टाकलं. गार्थ तेव्हा हसला होता. त्यानंतर तो क्लाइव्हशी कामापुरतंच बोलला. दफनाला आला नाही.

मी परत आले तेव्हा नोलीन स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी होती, झाकण घट्ट लावलेलं. तिने ती माझ्याकडे सरकवली. आत सायीसारखा दाट, करडा लगदा होता आणि वर पिवळसर पाणी. लगद्यातून एका हॉर्नचं टोक वर आलेलं दिसत होतं. बरणी हलवली तेव्हा तेही वाकलं.

गार्थ तिला म्हणाला होता, थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेव, सकाळी लख्ख निघेल. क्लाइव्हच्या शेडमध्ये डबा होता. त्यावर क्लाइव्हनेच ठळक अक्षरांत 'थिनर' लिहिलेलं होतं. खऱ्या ट्रकला रंग द्यायचं थिनर.

क्लबात थिनर म्हणजे मॉडेलच्या रंगाबरोबर येणारी चौकोनी छोटी बाटली. ते सौम्य असतं, प्लॅस्टिकला लागत नाही. गावात, गॅरेजात, हार्डवेअरच्या दुकानात थिनर म्हणजे डब्यातलं. त्यात मॉडेलचं प्लॅस्टिक चहात साखर विरघळावी तसं विरघळतं. शब्द एकच. क्लबातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला ते ठाऊक नसतं.

"परत घट्ट होईल का गं?" तिने विचारलं.

होईल, पण ढेकूळ होईल, मी सांगितलं.

सभेला ती तरीही आली. जाळी, बंपर, टाक्या काही नसलेला ट्रक एका हातात, बरणी दुसऱ्या हातात. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा; क्लब भरतो त्या स्काउट हॉलच्या पत्र्याखाली त्या दिवशी त्रेचाळीस अंश होते. आमच्यात पहिल्यांदा काही मांडणाऱ्याला स्टुलावर बसवतात आणि प्रत्येकाने एकेक दोष सांगायचा असतो. कौतुक करायचं नाही. तिलाही बसवलं. मर्व्ह म्हणाला टायर जास्त काळे आहेत. आणखी एकाला ट्रेलरची रेघ वाकडी वाटली. बोलताना बहुतेकांनी मान खाली घातली होती. माझी पाळी आली तेव्हा मी दोष सांगितला नाही, आणि नियम मोडल्याबद्दल गार्थने मला टोकलं.

मग तो स्वतः उठला. खिशातून बॅटरी काढून ट्रकच्या समोरच्या भोकात मारली.

"क्लाइव्हने माझ्या जाळीत बॅटरी मारली होती, आठवतंय ना सगळ्यांना? इथं तर जाळीच नाही. बिनदाताचा ट्रक केलास की गं नोलीन."

दोघंतिघं हसले.

"तू थिनर म्हणालास," नोलीन म्हणाली.

"म्हणालो. क्लबात थिनर कशाला म्हणतात ते तुझ्या नवऱ्याने तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही, तर त्याला मी काय करू?"

"आमच्या शेडमध्ये कुठला डबा आहे ते तुला माहीत होतं."

"होतं तर. दोनदा मागून नेलाय मी तो."

हे त्याने आवाज न बदलता सांगितलं. आता कोणी हसलं नाही. हात वर करून मत घेतलं. ट्रक अपूर्ण, म्हणून नामंजूर. बाजूने दोनच हात होते, माझा आणि मर्व्हचा.

नोलीन स्टुलावरून उतरली. तेवढ्यात गार्थने तिला थांबवलं. जुना सभासद होता, त्याला असं रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं, असं म्हणत त्याने कपाट उघडलं आणि मधल्या फळीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"ती बरणीच ठेव इथं. क्लाइव्हचं शेवटचं काम."

"खरंच ठेवू?"

"ठेव की. अध्यक्ष सांगतोय."

"झाकणासकट?"

"काढ झाकण. बिचाऱ्याला जरा हवा लागू दे."

मी मध्ये पडले. बंद काचेत, या उकाड्यात उघडं थिनर ठेवलं तर त्याची वाफ भरून राहील आणि आतलं सगळं प्लॅस्टिक मऊ पडेल, असं मी स्पष्ट सांगितलं. गार्थ माझ्याकडे वळला.

"डॉक्टरीणबाई, तू जन्मायच्या आधीपासून मी थिनर हुंगतोय. तू पाणी तपास. प्लॅस्टिक आमच्यावर सोड."

आता सगळे मोकळेपणाने हसले. तेवढ्यात नोलीन माझ्याजवळ आली.

"सगळीच?" तिने हळूच विचारलं.

सगळीच, मी म्हणाले.

तिने कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळ्यांवर गेलेल्या अकरा माणसांची मॉडेलं होती. त्यांतल्या चौघांच्या दफनानंतरची सँडविचं तिनेच कापली होती. मर्व्हच्या भावाचं विमान त्यांत होतं. मग झाकण काढून पर्समध्ये टाकलं, बरणी जागेवर ठेवली, कपाट लावून किल्ली फिरवली आणि ती गार्थच्या हातात दिली.

"थँक यू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गार्थला फोन केला. तो स्ट्रीकी बेच्या किनाऱ्यावर मासे पकडायला निघाला होता, किल्ली त्याच्या खिशात होती. पुढच्या सभेला बघू म्हणाला. मर्व्हलाही फोन केला. एवढ्या वर्षांत अध्यक्षाच्या मागे कपाट फोडायची वेळ आली नाही, असं तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग नोलीनला विचारलं, बरणी काढून घ्यायला सांगू का. ती म्हणाली, क्लाइव्हला जागा मिळाली आहे, आता त्याला हलवायचं नाही.

मार्चमध्ये गार्थने कपाट उघडलं आणि वासाने दोन पावलं मागे सरला. बरणीत तळाला करडा दगड होता, वरचं सगळं उडून गेलेलं. विमानाचे पंख फळीवर टेकले होते. मोटारसायकली आपापल्या चाकांत बसल्या होत्या. रंगावर तापलेल्या दुधासारखी साय धरली होती. मर्व्हने विमान उचलायला हात घातला, पण ते फळीला चिकटलं होतं. त्याने ते सोडून दिलं आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

नोलीन त्याच्या मागे गेली नाही.

गार्थने खालच्या फळीवरून त्याची निळी, दोन दारांची कूप मोटार सोडवून घेतली, दोन ढाली जिंकलेली. ती दोन्ही तळहातांवर धरून तो माझ्याकडे आला. पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. "रोवेना, हे परत सरळ होतं का गं?"

नाही, मी सांगितलं.

"किती खचलंय ते मोज," नोलीन मागून म्हणाली. "इथं सगळं मापाने चालतं ना?"

कोणी अडवलं नाही. मी परीक्षकांच्या टेबलावरून व्हर्नियर कॅलिपर आणला. मोटारीच्या छताच्या दोन कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मध्यावर कॅलिपरची खोली मोजायची काडी खाली सोडली. खोली चार पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.