पंख्याचा रिपोर्ट

उत्तमरावमामांचा रिपोर्ट खोटा असेल, हे मैथिलीच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. माणूस अठ्ठावीस वर्षं लष्करात सिग्नल्सला, म्हणजे संदेशवहनाला, होता आणि जयपूरलाच निवृत्त होऊन झोटवाड्यात राहिला होता. साताऱ्याहून भाची नोकरीला आली, तेव्हा जवाहर नगरातल्या तिच्या भाड्याच्या खोलीचे नळसुद्धा त्यांनी एकेक उघडून तपासले होते.

मैथिली हौसेखातर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राबायची, तिच्यात आयतं काही मिळत नसे. प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून आपल्याच लॅपटॉपवर बांधून घ्यायचा. तो कसा बांधायचा याची कृती, म्हणजे पॅकेज, तिच्यासारखी मंडळी फुकटात लिहीत. तिच्या वाट्याला एका जुन्या लॅपटॉपच्या पंख्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो पंखा चालवणारा प्रोग्राम, आला होता. त्याच मॉडेलवर चालवून पाहिल्याशिवाय नवी आवृत्ती सोडायची नाही, हा तिथला दंडक. आणि ते मॉडेल होतं मामांकडे. मामी गेल्यापासून घर खायला उठलं होतं, त्यामुळे मामांनी हे काम सरहद्द सांभाळावी तसं अंगावर घेतलं. दर रविवारी नऊला मैथिली फोन करी, मामा पंख्याचा वेग सांगत, आणि दोन मिनिटांत बोलणं संपे.

मग चिलीतल्या एका शिक्षिकेचा मेल आला. नव्या आवृत्तीनंतर पंखा फिरतच नाही, लॅपटॉप तापून भर वर्गात बंद पडतो. मैथिलीने आधी त्या बाईंच्याच लॅपटॉपला नावं ठेवली. तरी मामांच्या मशीनवर स्वतः बघावं म्हणून शनिवारी सकाळी बस धरून तिने झोटवाडा गाठला.

मामांनी चहा टाकला, पोहे केले, गल्लीतल्या सगळ्यांची खबरबात सांगितली. लॅपटॉपचं मात्र नाव काढेनात. शेवटी तिनेच तो उघडून बटण दाबलं. स्क्रीन काळी ती काळीच.

"दोन महिने झालं, उठतच न्हाई," मामा खाली बघत म्हणाले. "मशीन गेलं म्हणून सांगितलं, तर तू फोन कशाला करशील?"

मैथिलीला राग आला होता, आणि तो खराच होता. पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. तिथेच बसून तिने ती आवृत्ती मागे घेतली आणि स्वतःच्या नावाने माफी लिहिली. संध्याकाळपर्यंत त्या शिक्षिकेचं उत्तर आलं, इथून पुढे चाचणी मी करते. हे ऐकून मामा बरं झालं म्हणाले आणि धुतलेल्याच कपबश्या पुन्हा विसळायला लागले.

दुसऱ्या दिवशी नऊला तिने फोन केला. मामा गडबडले. आता कसला रिपोर्ट द्यायचा, असं विचारायला लागले.

"तुमचा द्या," ती म्हणाली. "आणि खरा द्या."



"एकट्याला जेवण जात न्हाई गं," मामा म्हणाले.

फोन कानाशी तसाच धरून मैथिलीने पायात चपला सरकवल्या.