मुर्ध्याचा रबरी रस्ता

ज्या दुपारी शेवंती गेल्याचा निरोप आला, त्या दुपारी मी अजून पुरता रस्ताही झालो नव्हतो. इस्पितळातून आलेल्या माणसाने तिच्या नवऱ्याला, बाळारामला, एवढेच सांगितले, "रातीच गेली." बाळाराम माझ्या खडीवर मटकन बसला. डांबराचा चटका बसू नये म्हणून पायांना गुंडाळलेले गोणपाट सोडायचेही त्याला सुचले नाही.

मित्रांनो, भाईंदरहून मुर्ध्याला जाणाऱ्या जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा, तो मी. १९६९ साली मला उखडून निराळ्या तऱ्हेने नव्याने करायचे ठरले. डांबरात रबराचा पांढरा चीक मिसळायचा, म्हणजे मी लवकर तडकणार नाही. माझ्यावर खपणाऱ्या टोळीतली शेवंती हसली होती, "रबराचा रस्ता? मंग ताणला का मुर्धा थेट टेसनात!"

चिकात पाणी असते. उकळत्या डांबरात पडला की फेस उसळतो, म्हणून पिंप अर्धे रिकामे ठेवावे लागते. पण आमच्या टोळीला पिंप काठोकाठ भरायची सवय. दाजी मुकादम ओरडला, "ओत गं, बघतेस काय!" शेवंतीने चीक ओतला आणि उकळता काळा फेस तिच्या अंगावर आला. डांबर कातडीला चिकटले. ओढले तर कातडीच येत होती.

मी मात्र टिकलो. मिठाचे ट्रक मला दाबत, मी पुन्हा वर येई. शेजारचा साधा तुकडा दोन पावसांत फुटला. लोक माझे कौतुक करत. बाळाराम कडेच्या मातीतून चाले, माझ्यावर पाय ठेवत नसे.

पण रबरही म्हातारे होते. उन्हाने मी कडक झालो, अंगावर भेगा पडल्या. बरीच वर्षे कोणी पाहिले नाही. १९७७ साली डागडुजीला टोळी आली, बाळारामही तीत होता. मुकादम दाजीच. पिंप पुन्हा काठोकाठ, आणि चिकाचा डबा घेऊन टोळीतली आनंदी उभी.

"दाजी, पिंप अर्धं कर," बाळाराम म्हणाला.

"तू मालक हायेस? दिवस मोडंल माजा!"

बाळारामने फावड्याने पिंपाखालच्या चुलीतली जळती लाकडे बाहेर ओढली. दाजीने त्याच्या डोक्यात दुसऱ्या फावड्याचा दांडा घातला. तो पडला, उठला, पुन्हा लाकडे ओढू लागला. दाजीने आणखी दोनदा मारले. बाळारामचे रक्त माझ्या भेगांत गेले.

आनंदीने डबा दाजीच्या पायाशी आपटला. "घ्या मुकादम, तुमीच वता. आमी लांबून बघतो."

दाजी पिंपाजवळ गेला नाही. बायकांनी अर्धे डांबर दुसऱ्या पिंपात काढले, मग आनंदीने चीक थोडा थोडा ओतला. फेस काठापर्यंत आला आणि बसला. कोणी भाजले नाही. रक्ताळलेला बाळाराम कडेच्या मातीत बसून बघत होता.

मित्रांनो, रस्त्याची भेग बारीक असतानाच भरा, पण माणूस जाळून भरू नका. अर्ध्या पिंपांनी काम हळू झाले. कामाला ठरलेला दिवस संपला, अंधार पडला, टोळी गेली, ती पुन्हा आली नाही. मुर्ध्याकडच्या वळणापुढच्या माझ्या भेगा अजून भरायच्या राहिल्या आहेत.