रोजचे तीन शब्द

त्या पेटीला जागं करायचं तर तिच्या कानात नेमका एक शब्द सांगावा लागे, आणि तो शब्द थोरलीला ठाऊक नव्हता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा वर्षं.

पेटी म्हणजे भरतकामाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. बटण दाबलं की त्याच्या पोटात पंखा घुरघुरायचा, काळ्या काचेवर एक चौकोन उमटायचा आणि त्यात बारीकशी रेघ लुकलुकत राहायची. पासवर्ड द्या. तीनदा चुकलं की यंत्र रुसायचं. बंद करून पुन्हा लावल्याशिवाय ढिम्म हलायचं नाही. थोरलीने त्याचा नेमच करून टाकला. रोज सकाळी तीन शब्द, मग यंत्र बंद, मग हाताने भरतकाम.

तो पासवर्ड घातला होता तिच्या धाकट्या जावेने. दोघींनी मिळून ही खोली थाटली होती. धाकटी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, थोरली मशीनवर कापड चढवायची. एकदा एका लॉजचे दोनशे टॉवेल आले, आणि थोरलीने ते उलटे चढवले. दोनशेच्या दोनशे टॉवेलांवर लॉजचं नाव डोकं खाली, पाय वर. मालक माल बघायला आला तेव्हा धाकटी त्याच्यादेखत म्हणाली, "आमच्या जाऊबाईंना अक्षर उभं काय नि उलटं काय, सगळं सारखंच!"

थोरलीला तेव्हा अक्षर येत नव्हतं. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. ती म्हणाली, "एवढी शहाणी आहेस तर तुझं शहाणपण उचल आणि चालू लाग."

धाकटीने जाण्याआधी कॉम्प्युटरसमोर बसून कळा खडखडवल्या, आणि ती गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवसापासून तो चौकोन.

त्या चौकोनापायी थोरली अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली. बाकड्यावर गुडघे मावत नव्हते. जो शब्द शिकायची तो दुसऱ्या दिवशी पेटीला सांगून बघायची. सुई. दोरा. कैची. पुढे पुढे शब्द झोपेतही येऊ लागले. पाण्याच्या तळाशी रंगीत रिळं पडलेली असावीत तसे दिसायचे. हात घालून एक उचलावा, तर जाग यायची तेव्हा तो मुठीत असायचा. सावली. कापूस. माफी. एकही चालला नाही. कुणाला बोलावून पेटी उघडून घेणं तिला कमीपणाचं वाटे. जिने कुलूप घातलं तिच्या नाकावर टिच्चून आपणच ते काढायचं, असा हट्ट.

पण आता कळलं होतं की धाकटी पुढच्या आठवड्यात लेकीकडे, समुद्रापलीकडे, कायमची राहायला निघाली आहे. तिच्या तीनशे नक्ष्या त्या पेटीत अडकलेल्या. ज्याचं त्याला परत द्यायला हवं, थोरली स्वतःला सांगत होती. त्या नक्ष्यांच्या निमित्ताने धाकटी एकदा या खोलीत यावी, एवढंच तिला हवं होतं, हे मात्र ती स्वतःलाही सांगत नव्हती. आणि पासवर्ड विचारायला फोन करायचा? जीभ झडली तरी नाही.

म्हणून भर दुपारी दुरुस्तीवाला आला. खिशात कायम पेचकस, म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणत. त्याने कॉम्प्युटरवरचं आच्छादन उचललं आणि न्याहाळलं. तो त्या दोनशेतलाच एक टॉवेल होता.

"मावशी, हे नाव उलटं आहे."

"वाचता येतं मला. तू पेटीचं बघ."

"अकरा वर्षं चुकीचे शब्द घालत बसलात? मला बोलावलं असतंत तर पाव तासाचं काम होतं."

"मग माझी अकरा वर्षं कशात गेली असती?"

पेचकसने वायर काढली, पत्रा उघडला आणि आतून बटणाएवढा एक चपटा सेल काढून तिच्या तळहातावर ठेवला. "याची आठवण सगळी या सेलच्या जोरावर. हा काढला, जरा थांबलं, की पासवर्ड विसरतो."

"नक्ष्याही विसरेल की रे!"

"नाही हो. त्या वेगळ्या जागी असतात. हा फक्त राग विसरेल म्हणा."

तो चहा प्यायला गेला. थोरली तळहातावर तो सेल घेऊन बसून राहिली. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात दोऱ्यांचे बारीक तंतू तरंगत होते, खाली उतरायची घाई नसल्यासारखे. भिंतीवरची रिळं एकेक करून रंग सोडू लागली. तिचा डोळा लागला की नाही, तिलाच सांगता आलं नसतं. समोरच्या रिकाम्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं, दातात दोरा धरून, एक पाय हलवत. थोरली तिला म्हणाली, पाय हलवू नकोस गं, टेबल हलतं. तीही पाय न थांबवता म्हणाली, हलू दे की, नक्षीला लाट येईल.

"मावशी, सेल द्या," पेचकस म्हणाला.

त्याने खिशातला नवा सेल बसवला, बटण दाबलं. पंखा घुरघुरला. काच काळी झाली, मग निळी झाली. चौकोन आला नाही. थोरलीची बोटं सवयीने कळांवर गेली होती, ती तशीच राहिली. काचेवर ओळीने नक्ष्या उघडल्या: वेली, मासे, एक शेपूट अर्धी राहिलेला पक्षी.

कोपऱ्यात तारीख होती. थोरलीने अक्षर अक्षर लावून वाचली. एक जानेवारी, आणि साल तेवीस वर्षांमागचं.

"सेल काढला की घड्याळही मागे जातं," पेचकस म्हणाला. "थांबा, आजची तारीख घालतो."

"हात लावू नकोस!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. त्या साली या खोलीला रंग लागला होता. दोन स्टुलं आणली होती, एकाच उंचीची.

पेचकस गेल्यावर तिने फोन लावला.

"कोण?" तिकडून आवाज आला.

"मी. थोरली." मग काचेच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "आज तारीख काय आहे सांग बघू."

"जाऊबाई? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"आज एक जानेवारी आहे. आपण खोली थाटली त्या सालची. पेटी सांगतेय. मी वाचली, माझी मी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उघडली? कुठला शब्द लागला?"

"लागला नाही. काढून टाकायला लावला. काय होता गं? हजारो घालून बघितले."

"मला काय माहीत! रागात काहीतरी बडवलं. आठवड्याने परत यायला निघाले होते, जिन्यापर्यंत आलेही. तेव्हा लक्षात आलं की तो शब्द मलाच आठवत नाही. तुम्ही म्हणाला असतात उघड, आणि मला उघडता आलं नसतं. कुठल्या तोंडाने वर येणार होते?"

थोरली हसायला लागली. हसता हसता तिने टॉवेलाने डोळे पुसले, मग तो गुडघ्यावर पसरला. नाव अजून उलटंच होतं.

"आणि त्या टॉवेलांचं काय?" धाकटीने हळूच विचारलं.

"कुठले टॉवेल? ते अजून यायचेत. बारा वर्षं अवकाश आहे." थोरलीने पाय लांब करून दुसरं स्टूल टेबलाकडे ओढलं. "आले की या वेळी मी वाचून चढवीन. तू आत्ता ये. त्या पक्ष्याची शेपूट अर्धी राहिलीय."