पाच नंबरची काठी, आठ नंबरची दोरी

मरोळच्या त्या चिंचोळ्या दुकानात नंदू परुळेकरने काउंटरवर काठी आडवी ठेवली आणि बाजारात खोंडाच्या पाठीवरून फिरवतात तसा तिच्यावरून हात फिरवला.

"हिला दोरी पाहिजे."

जाळ्यांच्या गठ्ठ्यांमागून मीरा बाहेर आली. दुकान तिच्या बापाचं, पण ज्ञान सगळं तिचं. तिने काठी उचलून मुठीच्या वर लिहिलेला आकडा वाचला.

"फ्लाय रॉड आहे काका. पाच नंबरची. म्हणजे लाइनपण पाचचीच. तरंगणारी देऊ की बुडणारी?"

नंदूला प्रश्न कळला नाही. पण कळला नाही असं म्हणायची सवय त्याला अठ्ठावन्न वर्षांत लागली नव्हती, ती या पोरीसमोर कुठून लागणार?

"दाखव दोन्ही."

तिने दोन गुंडाळ्या पुढे केल्या. नंदूने एकीचं टोक चिमटीत धरून पाहिलं.

"ही काय दोरी? पायजम्याची नाडी आहे ही."

"जाडच असते. साध्या गळाला शिशाचं वजन असतं ना, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे उलटं. माशी म्हणजे नुसता पिसांचा बारकासा गोंडा, त्याला वजनच नाही. म्हणून दोरीचं वजन फेकायचं, गोंडा आपोआप जातो. दोरी काठीला झेपेल तेवढीच पाहिजे." मीराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पहिल्यांदाच करताय का?"

"आम्ही कोकणातले," नंदू म्हणाला. "समुद्र अंगणात आहे आमच्या."

यात खोटं काही नव्हतं. फक्त ते अंगण काकाचं होतं आणि नंदू तिथे मे महिन्यातले पंधरा दिवस आंबे खायला जायचा. एकदाच काकाने त्याला होडीत बसवलं होतं. होडी अजून वाळूवरच होती, तेव्हाच नंदूने सकाळची न्याहारी तिच्यात रिकामी केली. त्यानंतर त्याने मासा धरला तो ताटातला.

घोटाळा झाला होता लेकीच्या, जान्हवीच्या साखरपुड्यात. व्याही देवव्रत मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोरिवलीला तीन खोल्यांत भिंतभर पुस्तकं. दरवर्षी ते हिमाचलात जाऊन ट्राउट पकडायचे आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचे. सोडायचा तर पकडायचा कशाला, हे नंदूला कळेना. तेवढ्यात देवव्रत म्हणाले, "तुम्ही परुळ्याकडचे. तुम्हाला आम्ही काय सांगणार?"

नंदूच्या तोंडात श्रीखंड होतं. ते गिळता गिळता तो म्हणून गेला, "रक्तातच आहे." मग बारा किलोचा रावस आला आणि दोन तासांची झुंज आली. रावस काकाचा होता आणि किलो होते चार. पण हॉलमधले सगळे ऐकत होते. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्याबद्दल नंदूला तिथे कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी श्रेयस, होणारा जावई, देवव्रतांनी पाठवलेली ही काठी घेऊन आला. बरोबर रीळ आणि पिसांच्या माश्यांची डबी. दोरी तेवढी नव्हती. देवव्रतांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'लाइन तुम्ही निवडा. काही वाटलं तर फोन करा. पंधरवड्यानंतरच्या रविवारी येतो, एकत्र टाकून बघू.'

फोन करणं म्हणजे रावस परत समुद्रात सोडणं. नंदूने फोन केला नाही.

"आठ नंबरची दे," तो मीराला म्हणाला.

"काका, काठी पाचची आहे."

परुळेकरांच्या घरात नेमक्या मापाचं कधी काही आलंच नव्हतं. जान्हवीच्या शाळेच्या बुटांत पुढे कापूस कोंबलेला असायचा. लग्नातली अंगठी सुलक्षणा अजून दोरा गुंडाळून घालत होती. पाच लागतो तर आठ घ्यावा, पुढेमागे उपयोगी पडतो.

"मोठीच बरी. वाढत्या मापाची."

"काठी वाढत नाही हो काका."

"आणि बुडणारी दे. मासे काय वर हवा खायला येतात?"

मीराने मुकाट्याने गुंडाळी पिशवीत टाकली. "परत घेत नाही हं आम्ही," ती तेवढं म्हणाली.

रविवारी सकाळी नंदूच्या नाहूरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळे जमले. देवव्रतांच्या पत्नी पद्मजावहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, जान्हवी कठड्याला टेकली. गच्चीच्या एका टोकाला चौथ्या मजल्यावरच्या नितेशच्या आईने बोंबील वाळत घातले होते, दोरीला माळच्या माळ. सुलक्षणा खाली स्वयंपाकघरात होती. नंदू वर निघाला तेव्हा तिने त्याला दारात गाठलं होतं.

"अहो, ह्या तुमका येता काय?"

"गप गं. मोबाइलवर बघितलंय सगळं."

देवव्रतांनी दोरी दोन बोटांत धरली. बोटं तिथेच थांबली. त्यांनी रिळाकडे पाहिलं, मग काठीच्या आकड्याकडे, आणि दोरी सोडून दिली.

"टाका. त्या टाकीपर्यंत. अगदी हळू."

नंदूने काठी वर नेली. मोबाइलवरच्या गोऱ्याने सांगितलं होतं, घड्याळाचा काटा दहावर, मग एकवर. नंदूचा काटा थेट चारवर गेला. ओली चादर पडावी तशी दोरी त्याच्या मागे पडली. त्याने पुढे ओढली, ती येईना. त्याला वाटलं जोर कमी पडतोय. त्याने दोन्ही हातांनी हिसका मारला.

बोंबलांची माळ सुटली. पाच-पन्नास बोंबील गच्चीभर झाले. त्यातला एक, गळाला नीट लागलेला, हवेतून आला आणि पद्मजावहिनींच्या मांडीवर पडला. नंदूच्या हातात काहीतरी 'कट्' वाजलं.

काठीचं टोक मोडलं होतं, वीतभर.

वहिनींनी बोंबलाकडे पाहिलं. "मासा तर मिळाला," त्या म्हणाल्या. जान्हवी हसायला लागली आणि बापाचं तोंड बघून थांबली.

देवव्रतांनी वाकून मोडका तुकडा उचलला, रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला.

"वारा आहे ना," ते वहिनींना म्हणाले. "वाऱ्यात थोडी जडच घेतात लाइन. बरोबर घेतली त्यांनी."

वाळत घातलेल्या चादरी इस्त्री केल्यासारख्या सरळ लोंबत होत्या. नंदूचे कान तापले.

"हो," तो म्हणाला. "वारा."

मग तो गुडघ्यांवर बसून बोंबील गोळा करू लागला. देवव्रतही त्याच्या शेजारी बसले आणि एकेक उचलून त्याच्या हातात देऊ लागले. ते बोलले असते, अगदी चिडले असते, तरी नंदूला चाललं असतं.

खाली ताटं वाढलेली होती. कोपऱ्यात टेकवलेली काठी सुलक्षणाने पाहिली.

"अगोबाई. मोडली कशी?"

"तसं काही नाही वहिनी," देवव्रत म्हणाले. "वरती वारा जरा..."

"वारा नव्हता," नंदू म्हणाला.

सुलक्षणाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"वारा नव्हता. दोरी चुकीची होती. दुकानातली पोर सांगत होती, मी ऐकलं नाही." तो ताटाशी बोलत होता. "मी आयुष्यात एक मासा धरलेला नाही. तो रावस काकाचा. होडीत मी ओकतो."

कोणी जेवेना. जान्हवीने पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"बाबा, त्यांना माहीत आहे."

"काय?"

"सगळं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीच मी सांगितलं. देवव्रतकाका फोनवर विचारत होते, तुझ्या बाबांना कुठला मासा आवडतो म्हणून. मी म्हटलं, तळलेला."

नंदूला वाटलं आता खुर्चीच्या खाली कुठे जागा असेल तर बरं. त्याने वर न बघताच विचारलं, "मग काठी कशाला पाठवलीत, देवव्रतराव?"

देवव्रत भाताचं शीत शीत वेगळं करत होते.

"लाइन नव्हती पाठवली," ते म्हणाले. "माझ्याकडे चार पडल्यात घरी. म्हटलं, कुठली घ्यायची ते विचारायला फोन कराल." "मला तेवढंच नीट सांगता येतं हो. बाकी माणसांशी काय बोलायचं, ते काही सुचत नाही."

"पंधरा दिवस मोबाइल उशाशी," पद्मजावहिनी म्हणाल्या. "आंघोळीला जाताना माझ्या हातात देऊन जायचे. परुळेकरांचा आला तर उचल, म्हणे."

सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. तिने त्याच्या पानात न विचारता भात वाढला.

नंदूची मान काही वर येईना. मरोळच्या पोरीने सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं.

"देवव्रतराव," तो म्हणाला, "पाच नंबरच्या काठीला दोरी कुठली घेतात?"

देवव्रतांनी हात पुसले आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढली.