राहूच्या शिवारातलं भूमिपूजन

आमदार हौसराव यांना वकिली सोडून पाच वर्षं झाली होती, पण वकिलीनं त्यांना सोडलं नव्हतं. गटार मागायला आलेल्या माणसालाही ते "पुढच्या तारखेला पाहू" असंच सांगायचे. विधानसभेच्या अध्यक्षांना ते दोनदा 'युवर ऑनर' म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा अध्यक्षांना ते आवडलं होतं.

मागची निवडणूक ते सहाशे बारा मतांनी जिंकले होते. राहू गावच्या शिवारातल्या एकट्या वस्तीवर सातशे मतं होती, आणि वस्तीला रस्ता हवा होता. आचारसंहिता चार वाजता लागणार, अशी पक्की खबर होती. म्हणून सव्वातीनला साहेब कुदळ हातात घेऊन उभे होते. मांडव, माइक, नारळ, बांधकाम खात्याचा इंजिनिअर, सगळं जागेवर होतं.

तेवढ्यात उसातून तुळजाबाई आली. पंचाहत्तरीची म्हातारी, रस्ता जाणार तो बांध तिचा. हातात लॅमिनेशन केलेला कागद.

"वकीलसाहेब, वळखलं का?"

साहेबांनी कागद ओळखला. दौंडच्या कोर्टातून त्यांनीच तिला मिळवून दिलेला, वस्तीविरुद्धचा तूर्तातूर्त मनाई हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंत या बांधावर कुणी कुदळ मारायची नाही. तूर्तातूर्त म्हणून मिळालेल्या या मनाईला चौदा वर्षं झाली होती, कारण दाव्याचा निकाल लागू न देण्यात साहेबांचा हातखंडा होता. असे मनाई हुकूम त्यांनी तालुक्यात इतके पेरून ठेवले होते की कुठला कुठं उगवेल याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता.

"तुमीच म्हणला व्हता, ह्यो कागद असंस्तवर कुणाच्या बापाला हात लावता यायचा न्हाई."

"काकू, तवाची गोष्ट येगळी व्हती," साहेब मतदारसंघाच्या बोलीत आले. "आता विकास हाय."

इंजिनिअरनं घसा साफ केला. "सर, हुकूम चालू असेल तर मला इथं थांबता येणार नाही."

वस्तीवरची शेवंताबाई पुढं आली. रोज पहाटे दुधाचे कॅन डोक्यावरून डांबरीपर्यंत नेऊन तिची मान एका बाजूला कलली होती. "सायेब, कागद तुमीच केला ना? मंग आसंल की त्यात एखादी फट. घाईगडबडीत ऱ्हाती माणसाची. तुमीच काढा."

बाईनं मदत म्हणून सांगितलं होतं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"फट? माझ्या ड्राफ्टात?"

त्यांनी कुदळ खाली ठेवली, चष्मा लावला आणि माइक हातात घेतला. "ऐका. 'प्रतिवादी, त्यांचे नोकरचाकर, हस्तक अथवा त्यांच्यातर्फे अन्य कोणीही.' म्हणजे कोण सुटलं? कोणी नाही! 'खोदणे, भराव घालणे, मुरूम टाकणे अथवा त्या उद्देशाने प्रवेश करणे.' नुसतं पाऊल टाकलं तरी अवमान! शासन म्हणेल, आम्ही नव्हतो. पण शासन प्रतिवादी नंबर चार आहे. मी मुद्दाम घातलंय!"

"पर वहिवाट आमची आज्यापासनं हाय," मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"पुरावा? साक्षीदार? मी तुमचे तिन्ही साक्षीदार उलटतपासणीत झोपवले होते. एक तर पाणी मागायला लागला!"

मग साहेब थांबलेच नाहीत. बारा वर्षांपूर्वीचे निवाडे, नकाशातली चूक, मोजणी अधिकाऱ्याची फजिती. इतकं रंगलेलं भाषण त्यांनी कुठल्याही प्रचारात केलं नव्हतं. तुळजाबाई प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होती. वस्तीच्या लोकांनी सवयीनं दोनदा टाळ्याही वाजवल्या.

शेवटी साहेबांनी घाम पुसला. "सांगा आता. आहे का फट?"

"न्हाई," शेवंताबाई म्हणाली. "सुईएवढी बी न्हाई."

साहेब समाधानानं हसले. इंजिनिअरनं मोबाइल पाहिला, नारळ मांडववाल्याच्या हाती दिला आणि गाडीकडं वळला. चार वाजून सात मिनिटं झाली होती.

साहेबांचं हसू हळूहळू उतरलं. "शेवंताबाई, निवडून आलो की पहिला हा हुकूम उठवतो."

"तुमी कसं उठवनार? तुमी तर तिच्या बाजूचं."

"मग काय करणार तुम्ही?"

"पलीकडचा उमेदवार बी वकीलच हाय म्हनं," शेवंताबाईनं पदर खोचला. "त्यालाच धरतो. रस्ता व्हईल न व्हईल, पर तुमच्या विरुद्ध हुबा तरी ऱ्हाईल."

आणि सातशे मतं उसाच्या कडेनं, एकामागं एक, वस्तीकडं निघून गेली.