दोन मिनिटांचा उजेड

लेझर म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी जाळणार, नाहीतर कापणार. आमचा लेझर अगदीच गरीब होता. अंगावर पडला तरी ना ऊब, ना चटका. कातडीवर वाटाण्याएवढा लाल ठिपका दिसायचा, बास. पेशंट विचारायचे, "बाई, सुरू झालं का?" तोवर संपलेलंही असायचं. बावीस वर्षं मी तो ठिपका लोकांच्या गुडघ्यांवर, खांद्यांवर, न भरणाऱ्या जखमांवर धरला. आता निवृत्त आहे, पण कुणी त्या उजेडाला नावं ठेवली की माझं डोकं अजून फिरतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही त्यांच्यामागे 'दोन-मिनिटे' म्हणायचो. "दोन मिनिटं. पुढे एक सेकंद नाही," हे दिवसातून पन्नास वेळा ऐकायला लागायचं. जखम मोजायची पद्धतही त्यांचीच. दर आठवड्याला जखमेवर स्वच्छ पारदर्शक कागद धरायचा, पेनानं कडा गिरवायची, मग तो आलेखाच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते मोजायचं. "माझा तुमच्या डोळ्यांवर विश्वास नाही, चौकोनांवर आहे," म्हणायचे. खडूस माणूस, पण खरं बोलायचा.

आमच्या लेझरच्या खोलीत एके दिवशी पेशंट म्हणून माझी ताई आली. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, ताई सतराची. शिलाई मशीन पायानं चालवून चालवून तिनं मला शिकवलं, थेट या नोकरीच्या दारात आणून सोडलं. आणि मी? महिन्यातून एक फोन, तोही घाईत. साखरेच्या आजारानं तिचे तळपाय बधिर झालेले. जमिनीवर पडलेली सुई उजव्या पायात घुसली, तर हिला पत्ताच नाही! कळलं तेव्हा जखम कोटाच्या बटणाएवढी झाली होती. सर्जन म्हणाले, सहा आठवडे बघू, नाही भरली तर घोट्यापासून पाय काढावा लागेल.

"पाय गेला तर पायडल काय डोक्यानं मारू?" असं म्हणून ताई हसली. मला काही हसू आलं नाही.

पहिल्या कागदावर अडतीस चौकोन भरले. मग तेहतीस. मग तीस. कमी होत होते, पण मला धीर कुठला! दोन मिनिटांत एवढं, तर दहा मिनिटांत किती, असा शहाणपणाचा हिशेब मी मांडला. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की ताईला आत घ्यायची, दोघींनी लेझरपासून डोळे वाचवणारे हिरवे चष्मे चढवायचे आणि मी दहा मिनिटं ठिपका धरून बसायची. वहीत मात्र दोनच लिहायची.

ताई अखंड बडबडायची. माझ्या शाळेच्या पहिल्या गणवेशाला तिनं एक बाही उलटी लावली होती आणि मी दिवसभर तो हात पाठीमागे लपवून बसले होते, ही गोष्ट तिनं चारदा तरी सांगितली असेल. त्या चष्म्यात ती असं काही ध्यान दिसायची की मी हसायला लागायची आणि ठिपका हलायचा.

"नीट धर गं, पिटुकले," ती म्हणायची. पिटुकली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

चौथ्या आठवड्यात तीसच चौकोन भरले. पाचव्या आठवड्यात एकतीस.

डॉक्टरांनी पाचही कागद खिडकीच्या काचेला ओळीनं चिकटवले आणि तिसऱ्यापाशी बोट ठेवलं. "इथून पुढे बिघडलंय. साखर आटोक्यात आहे, पट्टी वेळेवर बदलली जाते, पायावर भार नाही. वेळ वाढवलीस का?"

"नाही, सर." खोटं बरं पटकन बाहेर आलं.

"दहा मिनिटं देते हो ती," ताई खुर्चीतून म्हणाली. "रागावू नका, लहान आहे."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "थोडा उजेड मिळाला की पेशी कामाला लागतात. जास्त झाला की त्याच पेशी ढेपाळतात. तू स्वतःच्या हातानं ही जखम अडवून धरलीस." मग त्यांनी लेझर सुरू करायची किल्ली यंत्रातून काढून ताईच्या हातात दिली. "दोन मिनिटं झाली की ही तुम्ही काढून घ्यायची." आणि सर्जनकडे आणखी चार आठवडे मागायला ते निघून गेले.

मी ताईवरच उखडले. "बाकीच्यांना दोनच मिनिटं देते, हे तुला माहीत होतं?"

"बाहेर बाकावर बसून बघायची की मी."

"मग बोलली का नाहीस? पाय गेला असता, बये!"

ती किल्लीकडे बघत राहिली. "तेवढी आठ मिनिटं जास्त बसायचीस ना माझ्यापाशी."

मी हमसून हमसून रडले, कपाळावर तसाच राहिलेल्या त्या हिरव्या चष्म्यासकट.

त्यानंतर रोज दोन मिनिटं उजेड. मग ताई किल्ली काढून मुठीत धरायची आणि बंद यंत्रासमोर आम्ही आठ मिनिटं गप्पा मारायचो. चोवीस चौकोन झाले, पंधरा झाले, सहा झाले. नवव्या आठवड्यात गिरवायला काही उरलंच नाही, म्हणून मी कोऱ्या कागदावर नुसती तारीख घातली.

"कोरा कशाला ठेवतेस?" म्हणत ताईनं त्यावर अलगद पाऊल टेकवलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत मी अख्खं पाऊल गिरवलं. किल्ली परत देताना ती म्हणाली, "आता मी कशाला येईन गं इथं?"

"मी येईन ना तुझ्याकडे. दर बुधवारी दुपारी. चांगली तासभर बसेन."

गेले की. तीन बुधवार गेले. मग नवीन यंत्र आलं, त्याचं प्रशिक्षण आलं, हे आलं, ते आलं. ताईनं एका शब्दानं कधी विचारलं नाही. अकरा वर्षांनी हृदय बंद पडून ती गेली. आदल्या दिवसापर्यंत त्याच पायानं शिलाई मशीन चालवत होती.

तिच्या पावलाचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आज बुधवार आहे, आणि दुपारभर मला काहीही काम नाही.