दुसरा नमस्कार

उन्जे गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीवर काळी चिकटपट्टी लावत होती. बाहेरच्या उजेडाची एक रेघ पहिल्या दालनात शिरत होती, आणि तिला तिथे पूर्ण काळोख हवा होता.

"तुझी आई आलीये," मीसोक दारातून म्हणाली. कोरियातल्या गुनसान बंदरावरच्या या जुन्या तांदळाच्या गोदामात प्रदर्शने भरवणारी मीसोक उन्जेहून बरीच मोठी होती. "तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन दारातल्या अभिनंदनाच्या फुलांपाशी उभी आहे. येईल त्याच्या हातावर वडी ठेवते आणि सांगते, लेक कॅनडाहून शिकून आली."

उन्जेने पट्टी दातांनी तोडली.

"ताई, मी विमानातसुद्धा बसलेली नाही कधी."

"माहीत आहे गं. पण मी काय बोलणार? माझ्याही तोंडात वडी होती."

उन्जेला हसू आले, पण टिकले नाही. ज्या दोन वर्षांना आई शेजारीपाजारी कॅनडा म्हणत असे, ती उन्जेने घरातल्याच आपल्या खोलीत, दार लावून काढली होती. आजच्या तिच्या प्रदर्शनात त्याच खोलीची छायाचित्रे होती. पडद्याची चुणी, बंद पंखा, भिंतीकडे वळलेली उशी. पादत्राणे बाहेर काढून, भिंतीला हात लावून काळोखातून चालायचे. एकेक चित्र जवळ गेल्यावरच अंधुक उजळे. शेवटच्या दालनात मात्र एकच चित्र होते आणि त्याच्यावर लख्ख दिवा. खोलीतून बाहेर पडली त्या सकाळी तिने काढलेले स्वतःचे छायाचित्र. वृत्तपत्रांतून काय छापून येईल, याची तिला फारशी फिकीर नव्हती. आईने हे पाहावे आणि एकदा तरी कॅनडा म्हणायचे सोडावे, एवढेच तिला हवे होते.

आई बूट काढून दाराशी आली.

"हे काय गं? लोकांना बोलवायचं आणि दिवे मालवायचे?"

"भिंतीला हात लावून चल, आई. काही लागत नाही."

"तू ये ना बरोबर."

"एकेकट्यानेच जायचं असतं."

"माझा गुडघा फुटला तर तुझ्या चित्रांना सांगू का औषध लावायला?" असे पुटपुटत आई आत शिरली.

उन्जे मागच्या वाटेने शेवटच्या दालनात गेली आणि उजेड पोहोचत नव्हता त्या कोपऱ्यात उभी राहिली. चित्रासमोर चाळिशीचा एक माणूस होता. अंगात गोदीतल्या कामगारांचे जाकीट, हातात टोपी. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने टोपी बाजूला ठेवली, गुडघे टेकले, तळहात जमिनीवर ठेवून त्यांवर कपाळ टेकवले आणि उठला.

उन्जेने पुन्हा चित्राकडे पाहिले. समोरून घेतलेला कृष्णधवल चेहरा, काळी चौकट, वरून पडणारा उजेड, अनवाणी माणसे. दिवा कुठून टाकावा यावर तिने महिनेच्या महिने घालवले होते. पण या गावात असे चित्र फक्त अंत्यविधीच्या दालनात मांडतात आणि त्यापुढे माणसे दोनदा वाकतात, हे तिच्या मनातही आले नव्हते.

त्याच वेळी भिंत चाचपत आई आत आली. चित्र पाहून ती जागीच थबकली. माणूस पुन्हा गुडघे वाकवत होता.

"अहो, थांबा!"

तो अर्धवट वाकलेलाच राहिला. "तुमच्यातलं कोणी, काकू?"

"लेक आहे माझी."

"अरेरे. एवढं तरुण वय."

"गेलेली नाही ती. जिवंत माणसाला एकच नमस्कार असतो, तो झाला तुमचा. दुसरा करू नका."

माणूस कानकोंडा झाला. "चुकलं, काकू. चौकट बघून पाय आपोआपच वाकले."

"तुमचं काय चुकलं?" आईने गळ्याशी उगाच हात नेला. "दोन वर्षं आत होती, दार लावून. रोज सकाळी दाराला कान लावायचे, श्वास ऐकू आला की मगच कामावर जायचे. आणि विचारणाऱ्याला सांगायचे, कॅनडाला आहे."

माणसाने टोपी उचलली, पण घातली नाही.

"आमच्या थोरल्या भावाला आम्ही जहाजावर पाठवलं होतं," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"कुठल्याच नाही. घरातच होता."

आईने वाकून त्याच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली, जणू तो तिच्याच घरातला होता.

"चला. बाहेर ऊन आहे, एकदम डोळ्यांवर येतं. त्या सकाळी जिना उतरताना हिच्या डोळ्यांवर मीच हात धरला होता. तिला आठवत नसेल."

उन्जेला ते खरोखरच आठवत नव्हते. कोपऱ्यातून ती पाहत राहिली. आईने एका हाताने त्या परक्या माणसाचा दंड धरला, दुसरा तळहात त्याच्या कपाळाशी आडवा केला आणि खांद्याने दार ढकलले.